आधी कान

शटरखालून सरकवलेल्या चिठ्ठीवर एवढंच होतं: 'भाऊजी पुन्हा रुसले. उतारावर उभे केलेत. या.'

सही नव्हती आणि तिची गरजही नव्हती. भाऊजी म्हणजे ट्रॅक्टर. वस्तीबाहेरच्या शेतावर एकट्या राहणाऱ्या बाईंच्या सासऱ्यांनी तो बाईंच्या लग्नाआधी नऊ वर्षं घेतला होता. "मी या घरात आले तेव्हा तो आधीपासूनच होता. म्हणजे नात्यानं थोरला दीरच की," असं बाई म्हणायच्या, आणि पहिल्यापासून त्याला भाऊजीच म्हणत आल्या होत्या.

मिस्त्रींनी चिठ्ठी दोनदा वाचली. तीन आठवड्यांतली ही चौथी खेप. पहिल्या खेपेला जुनी बॅटरी मेलेली निघाली, म्हणून त्यांनी नवी बसवली. दुसऱ्या खेपेला रेग्युलेटरचा डबा बदलला. तिसऱ्या खेपेला डायनॅमो उतरवून दुकानात आणला, त्याचे कार्बन बदलले, टेबलावर फिरवून पाहिला आणि परत नेऊन बसवला. दर वेळी ट्रॅक्टर सुरू झाला, बाईंनी चहा दिला, आणि दर वेळी चार-पाच दिवसांनी बॅटरी उतरली. मग सेल्फ हूं की चूं करत नसे.

गाड्यांच्या वायरिंगचं काम मिस्त्री सत्तेचाळीस वर्षं करत होते. एका बिघाडासाठी चार खेपा त्यांना कधी लागल्या नव्हत्या.

"काय मिस्त्री, म्हातारा परत आजारी?" शेजारचा पंक्चरवाला दारात उभा होता. त्याचा आवाज दांडगा. कंप्रेसर चालू असतानाही तो पलीकडच्या फुटपाथवरच्या माणसाशी गप्पा मारू शकायचा. "आता बाईंना सांगा, डॉक्टर बदला म्हणावं."

"डॉक्टर नाही, औषध बदलतो," मिस्त्री म्हणाले.

"बदला, बदला. आणि किल्लीचं काय ठरवलंत? टायर काढायचं मशीन बुक करून बसलोय मी. ठेवायला जागा नाही. तुम्ही लेकीकडे जाणार असाल तर स्पष्ट सांगा, नसाल तर तेही सांगा."

"संध्याकाळी सांगतो."

"गेल्या महिन्यापासून तुमची संध्याकाळच होत नाहीये," असं म्हणून तो निघून गेला.

मिस्त्रींनी पिशवी भरली: पाने, पक्कड, पॉलिश पेपर, टेस्ट लॅम्प, आणि कटआऊटसकट आणखी एक रेग्युलेटरचा डबा. असा जुन्या धाटणीचा डबा आता बाजारात मिळत नव्हता. दुकानातला हा शेवटचा.

संध्याकाळी काय सांगायचं ते त्यांनी मनाशी ठरवलं होतं. आज भाऊजी उठले तर दुकान चालू. नाही उठले तर किल्ली पंक्चरवाल्याला, आणि आपण लेकीकडे. लेकीनं खोली कधीची तयार ठेवली होती. खिडकीशी पलंग, भिंतीत कपाट. जावई भला माणूस. वाईट असं काहीच नव्हतं. पण इथे ते कमी ऐकणारे मिस्त्री होते. तिथे नुसतेच कमी ऐकणारे झाले असते.

कमी ऐकू येतं हे अजून कोणाला ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपूर्वी सुरुवात झाली ती चहाच्या किटलीपासून. बायको गेल्यावर मिस्त्री सकाळचा चहा स्वतः करायचे. किटलीला शिट्टी होती. एके दिवशी शिट्टी झालीच नाही, आणि करपल्याचा वास आल्यावर ते धावले तेव्हा किटलीचा तळ लाल झाला होता. शिट्टी बिघडली असं समजून त्यांनी नवी किटली आणली. तीही मुकीच निघाली. मग पाखरं गेली, घड्याळाचा गजर गेला. शेवटी लेकीचा आवाज गेला. तिचा आवाज आईसारखा बारीक होता आणि फोनमधून तो आणखी बारीक होऊन यायचा. जाड आवाज मात्र जागच्या जागी होते. इंजिन ऐकू यायचं, ट्रक यायचा, पंक्चरवाला तर यायचाच. समोरचा माणूस तोंडाकडे तोंड करून बोलला की बरंचसं कळायचं. उरलेलं 'हो हो' म्हणून निभावून नेता यायचं. हसायची वेळ त्यांना लोकांच्या चेहऱ्यावरून कळायची.

लेक रोज सहाला फोन करायची, ऑफिसातून निघाली की. मिस्त्री तो उचलत नसत. पाच मिनिटांनी मेसेज टाकत: 'कामात होतो. जेवण झालं. तू जप.' गेल्या आठवड्यात तिचा मेसेज आला होता: 'बाबा, माझ्यावर रागावलात का?' त्यांनी चार वेळा उत्तर लिहिलं, चार वेळा खोडलं आणि शेवटी 'नाही' एवढंच पाठवलं.

मिस्त्री स्कूटरवरून पोहोचले तेव्हा साडेतीन वाजले होते. भाऊजी गोठ्यामागच्या उतारावर, पुढच्या चाकांना दगड लावून उभे होते. रंग कुठे निळा, कुठे गंजका. एका हेडलाइटला काच नव्हती आणि दुसऱ्याच्या वाटीत चिमणीनं घरटं केलं होतं. समोरच्या पट्टीवरचा, बॅटरी भरतेय की उतरतेय ते दाखवणारा अ‍ॅमीटर सासऱ्यांच्या काळातच मेला होता. त्याचा काटा कायम मध्यभागी असायचा, कोणाचीच बाजू न घेणाऱ्या पंचासारखा.

बाई हात पुसत आल्या. साठीच्या, काटक, पायात गमबूट.

"आलात? बघा, कसे फुगून बसलेत."

"उतार बरा सापडला."

"सापडतोय कसला! अख्ख्या शेतात उतार तेवढा एकच. सगळी कामं आता उताराच्या मर्जीनं. परवा खालच्या वावरात बंद पडले, तर शेजारच्या पोरानं त्याच्या ट्रॅक्टरनं ओढून आणले. म्हणतो, काकू, भंगारात द्या आता. म्हटलं, आधी तुझ्या बापाला दे, तो भाऊजींहून दोन वर्षांनी मोठा आहे."

त्या हसल्या. मिस्त्रीही हसले.

"मंगळवारपासून बटाटे काढायचेत," बाई म्हणाल्या. "खालचं वावर सपाट आहे. तिथे रुसले तर मी काय खांद्यावर घेऊ त्यांना?"

मिस्त्रींनी मान डोलावली आणि पिशवी उघडली.

ज्यांच्या हाताखाली ते काम शिकले त्या थोरल्या मिस्त्रींचा एक नियम होता. आधी कान, मग डोळे, मग हात. पक्कड सगळ्यांत शेवटी. म्हणजे आधी गिऱ्हाइकाला बोलू द्यायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. मग गाडी सुरू करून ऐकायचं. मग बघायचं. मिस्त्री दोन वर्षं डोळ्यांपासून सुरुवात करत होते. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं, म्हणून विचारणंच त्यांनी सोडून दिलं होतं.

आजही त्यांनी डोळ्यांपासूनच सुरुवात केली. डायनॅमोचा पट्टा दाबून पाहिला, बोटभर दबला, म्हणजे ठीक. वायरींची टोकं घट्ट होती. त्यांनी बाईंना वर बसवलं, चाकांपुढचे दगड काढले, आणि भाऊजी गडगडत उताराला लागले. बाईंनी क्लच सोडला, इंजिननं दोन आचके दिले आणि धूर सोडून ते सुरू झालं. ते मिस्त्रींना ऐकू आलं. छातीतही जाणवलं.

त्यांनी डायनॅमोच्या दोन्ही वायरी सोडवल्या, टर्मिनल तारेनं जोडले आणि टेस्ट लॅम्प लावला. टेस्ट लॅम्प म्हणजे एक बल्ब आणि दोन वायरी. दुकानात आकडे दाखवणारा मीटरही होता. लेकीनं मागच्या वाढदिवसाला पाठवलेला, अजून खोक्यातच होता. मिस्त्रींचा विश्वास दिव्यावर. बाईंनी वेग दिला तसा दिवा पिवळ्याचा पांढरा झाला. डायनॅमोत खोट नव्हती.

त्यांनी वायरी पुन्हा जोडल्या, थोडा वेळ वेग द्यायला सांगितला आणि हातानं खूण करून इंजिन बंद करायला लावलं. राहिला रेग्युलेटरचा डबा. दोन आठवड्यांपूर्वी बसवलेला, कोरा. त्यांनी दोन स्क्रू काढून झाकण उचललं.

आत कटआऊटचे पॉइंट काळेठिक्कर पडले होते.

मिस्त्री उलट्या घातलेल्या क्रेटवर बसले. कटआऊटचं काम साधं असतं. डायनॅमोनं पुरेसा जोर धरला की त्याचे दोन पॉइंट एकमेकांना चिकटतात आणि बॅटरीकडे जायची वाट उघडते. इंजिन मंदावलं की पॉइंट सुटतात, वाट बंद. चिकटताना एकदा बारीक 'टिक' होते. बस, एकदाच. पॉइंट असे जळायचे तर ते चिकटत-सुटत राहिले पाहिजेत, सेकंदाला कित्येकदा, ठिणग्या टाकत. जुन्या डब्याचे पॉइंटही असेच जळले होते. तेव्हा त्यांनी दोष डब्याच्या वयाला दिला होता. पण हा डबा नवा. नवा डबा दोन आठवड्यांत जळत नाही. त्याला कोणीतरी जाळतं.

आणि पॉइंट तसे फडफडायला लागले की आवाज येतो. अंगणभर येतो. शिकाऊ पोरालाही कळतो.

म्हणजे गेल्या तिन्ही खेपांना, आणि आत्ता पाच मिनिटांपूर्वीही, तो आवाज त्यांच्यापासून हातभर अंतरावर झाला होता.

पिशवीत शेवटचा डबा होता. तो बसवला असता तर ट्रॅक्टर पुन्हा चार-पाच दिवस चालला असता. मंगळवार, कदाचित बुधवार. बाईंनी चहा दिला असता. संध्याकाळी पंक्चरवाल्याला 'भाऊजी उठले' म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. मिस्त्रींनी डबा पिशवीतून काढला, हातात तोलून पाहिला आणि परत ठेवला.

"बाई, इंजिन चालू असताना या डब्यातून काही आवाज येतो का?"

बाई कोंबड्यांना गोठ्यातून हाकलत होत्या. पाठमोऱ्याच काहीतरी बोलल्या. मिस्त्री उठले आणि वळसा घालून त्यांच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले.

"पुन्हा सांगा. माझ्याकडे बघून सांगा."

बाईंनी चमकून पाहिलं. "किर्रर्र करतो की. रातकिड्यासारखा. पहिल्या दिवसापासून करतोय. मी तेव्हाच म्हटलं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, हो हो, बसेल आपोआप."

"मी म्हणालो?"

"दर खेपेला."

मिस्त्रींनी हातातला स्क्रू शर्टाला पुसला. स्क्रू स्वच्छच होता.

"मला ऐकू आलं नव्हतं."

"काय?"

"तुम्ही बोललात ते. आणि तो आवाजही. बारीक काहीच ऐकू येत नाही मला, बाई. तुम्ही पाठ फिरवलीत की तुम्हीही नाही."

एक कोंबडी परत गोठ्यात शिरली, तिच्याकडे बाईंचं लक्ष नव्हतं.

"मग मी तीन आठवडे कोणाशी बोलत होते?" त्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी स्क्रू शर्टाच्या खिशात टाकला.

"तुम्ही डायनॅमो काढत होतात ना, त्या दिवशी," बाई म्हणाल्या. त्यांनी तोंड मिस्त्रींकडेच ठेवलं होतं आणि शब्द एकेक करून टाकत होत्या, त्यामुळे त्यातला एकही निसटायची सोय नव्हती. "मी इथे दगडावर बसले होते. यांच्या शेवटच्या दुखण्याचं सगळं सांगितलं तुम्हाला. शेवटच्या रात्री काय झालं ते. अकरा वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. मुलालाही नाही. तुम्ही काम करत होतात, मध्येमध्ये मान हलवत होतात. म्हटलं, बरा माणूस आहे, उगाच मध्ये बोलत नाही. मला त्या रात्री झोप लागली."

मिस्त्रींना तो दिवस आठवत होता. बाई दगडावर बसल्या होत्या, त्यांचे ओठ बराच वेळ हलत होते. पुलीचा नट गंजला होता आणि तो कसा निघेल एवढंच तेव्हा त्यांच्या डोक्यात होतं. मान त्यांनी हलवली होती. ती ते सगळ्यांसमोरच हलवत.

"चुकलं," ते म्हणाले.

बाईंनी वाकून एक खडा उचलला आणि कोंबडीच्या दिशेनं भिरकावला. मग गमबूट झटकले. "चला. काय ऐकायचं ते सांगा. कान माझे धड आहेत."

अंगण गोल होतं. भाऊजींना पहिल्या गिअरवर फिरवून बाईंनी पुन्हा उताराच्या डोक्याशी आणायला हवं होतं, पण त्यासाठीही आधी सुरू करणं आलं. दोघांनी मिळून बॅटरी सोडवली, मिस्त्रींनी स्कूटरच्या मागे बांधून आणलेली दुसरी चढवली आणि हातानं धरूनच सेल्फ मारला. इंजिन लागलं. मग ट्रॅक्टरचीच बॅटरी पुन्हा जागेवर गेली. उताराच्या डोक्याशी आल्यावर मिस्त्री डब्यापाशी उभे राहिले, बाई मडगार्डवर वाकल्या.

"आता मंद आहे. येतोय आवाज?"

बाईंनी मान हलवली. नाही.

मिस्त्रींनी हातानं वेग वाढवला. बाईंचा हात लगेच वर गेला. "आता! सुरू झाला. किर्रर्र."

"कमी करतो."

"गप्प झाला."

"वेग दिला की सुरू, कमी केला की गप्प. नक्की?"

"नक्की म्हणजे! कोणाला विचारताय?"

मिस्त्रींनी इंजिन बंद केलं. वेग आला की पॉइंट चिकटत होते, म्हणजे डायनॅमो जोर धरत होता. चिकटल्या क्षणी फेकले जात होते, म्हणजे पलीकडून काहीतरी उलट्या दिशेनं अंगावर येत होतं. पलीकडे होती फक्त बॅटरी. दोघं एका वाटेवर समोरासमोर उभे राहून एकमेकांना ढकलत होते.

त्यांनी बॅटरीकडे पाहिलं. जाड वायर प्लसवरून सेल्फकडे गेलेली. छोटी पट्टी मायनसवरून ट्रॅक्टरच्या बॉडीला. सगळ्या गाड्यांत असते तशी, आणि आजवर त्यांनी शेकडो वेळा लावली होती तशी.

फक्त हा ट्रॅक्टर सगळ्या गाड्यांसारखा नव्हता. त्या काळच्या काही ट्रॅक्टरांत बॅटरीचा प्लस बॉडीला लावायचे. थोरल्या मिस्त्रींनी हे पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. पहिल्या खेपेला दोन्ही वायरींची टोकं तेजाबानं खाल्लेली निघाली, म्हणून मिस्त्रींनी ती छाटून नवी बसवली आणि पुढचं हातांवर सोपवलं. हातांनी रोजची सवय पाळली.

आणि तिसऱ्या खेपेला दुकानात डायनॅमो टेबलावर फिरवताना? तेव्हा त्यांनी प्लस बॉडीला लावला होता. अगदी न चुकता, विचारही न करता. असला डायनॅमो पहिल्यांदा फिरवला तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते, आणि शेजारी थोरले मिस्त्री उभे होते. त्या टेबलापाशी हात एकोणीस वर्षांचे होते आणि या ट्रॅक्टरपाशी सहासष्ट वर्षांचे. दोघांची गाठ पडली नव्हती.

टेस्ट लॅम्पला हे कळणं शक्य नव्हतं. बल्ब कसाही लावला तरी पेटतो. सेल्फलाही उलट-सुलट सारखंच. सांगू शकणारा एकच होता, तो कटआऊट, आणि तो तीन आठवडे ओरडून सांगत होता.

"सापडलं," मिस्त्री म्हणाले. "चूक माझी आहे. पहिल्याच दिवशी बॅटरी उलटी लावली."

"तीन आठवडे?"

"तीन आठवडे."

"म्हणजे भाऊजी रुसले नव्हते."

"नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं."

बाईंनी भाऊजींच्या बॉनेटवर दोनदा थोपटलं, उगाच बोल लावलेल्या माणसाला थोपटावं तसं.

मिस्त्रींनी वायरी अदलाबदल केल्या. प्लस बॉडीला, मायनस सेल्फकडे. पिशवीतला शेवटचा डबा काढला. मग विचार बदलून बसवलेल्याच डब्याचे पॉइंट पॉलिश पेपरनं घासले, धातू चमकेपर्यंत, आणि फुंकर मारली. शेवटचा डबा त्यांनी बाईंच्या हातात दिला. "हा इथेच राहू द्या. भाऊजींचा आहे."

दगड काढले. गाडा उताराला लागला, इंजिन लागलं. मिस्त्री वेगाच्या दांडीवर हात ठेवून बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्यांना दुसरं काही बघण्यासारखं नव्हतं.

"मंद आहे. गप्प," बाई म्हणाल्या. "अजून गप्प... आता द्या वेग." त्यांनी डोळे मिटले. मग एक बोट वर केलं. "टिक."

"किती वेळा?"

"एकदाच."

"मग?"

"मग काही नाही."

"किर्र?"

"काही नाही म्हणतेय ना!"

मिस्त्रींच्या कानांना आधी जे होतं तेच आताही होतं. इंजिनची जाड घरघर. तीन आठवड्यांची किरकिर थांबली होती आणि ती थांबल्याचं त्यांना दुसऱ्याकडून कळत होतं. त्यांनी बॅटरीला लॅम्प लावला. वेग वाढला तसा दिवा उजळला आणि उजळलेलाच राहिला.

बॅटरी भरायला वेळ लागणार होता. बाईंनी चहा आणला. दोघं क्रेटवर आणि दगडावर बसले. मिस्त्रींना वाटलं, बाई बोलल्या तर आता ऐकू येईल, कारण आता ते तोंडाकडे बघतील. पण बाई चहाकडे बघत होत्या.

सहा वाजता खिशातला फोन थरथरला. त्यांनी काढून पाहिला. नेहमीप्रमाणे तो थांबायची वाट बघत त्यांनी तो तळहातावर ठेवला.

"घ्या की," बाई म्हणाल्या. "कोण आहे?"

"लेक."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. फोन थरथरत होता. मिस्त्रींनी हात पुढे केला.

"तुम्ही बोला. मला तिचं ऐकू येत नाही. तिला ठाऊक नाही."

"काय सांगू?"

"मघाशी मी सांगितलं ते."

बाईंनी फोन घेतला. सुरुवातीला त्या मिस्त्रींकडे तोंड करून बोलल्या, म्हणून तेवढं कळलं: मी कोण, हे इथे आहेत, बरे आहेत, घाबरू नको बाळ. मग त्यांनी पाठ फिरवली. महत्त्वाचं बोलताना माणसं पाठ फिरवतात. मिस्त्रींना त्यांचे खांदे दिसत होते आणि कानाशी धरलेला हात. त्या पाठीपलीकडे लेक होती. एकदा बाईंची मान खाली झाली. एकदा त्यांनी मोकळ्या हातानं हवेत काहीतरी मोठं दाखवलं, बहुधा ट्रॅक्टर.

शेवटी वळल्या. "विचारतेय, कधीपासून?"

दोन-तीन महिने म्हणता आलं असतं.

"दोन वर्षं," मिस्त्री म्हणाले. "किटलीच्या शिट्टीपासून. सांगा तिला, आईची किटली जळली तेव्हापासून."

बाईंनी सांगितलं. ऐकलं. फोन बंद करून परत दिला.

"काय म्हणाली?"

"रडत होती थोडा वेळ. मग म्हणाली, म्हणजे बाबा रागावले नव्हते."

मिस्त्रींनी फोन खिशात ठेवला. खिशाचं बटण लागेना. त्यांनी ते तसंच सोडलं.

"रविवारी येते म्हणाली. कानाच्या डॉक्टरकडे नेणार आहे. खोलीचं काही बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही. तुमचं तुम्ही बघा."

पावणेसातला त्यांनी इंजिन बंद केलं आणि सेल्फ मारला. भाऊजी एका दमात उठले. पुन्हा बंद केलं, पुन्हा मारला. पुन्हा उठले. बाईंनी स्वतः बसून ट्रॅक्टर उतारावरून खाली आणला आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा सपाट जागी, गोठ्याच्या दारात उभा केला.

मिस्त्रींनी पिशवी स्कूटरला अडकवली. मग ती पुन्हा काढली, पुन्हा अडकवली.

"ते तुम्ही त्या दिवशी सांगितलं होतंत," ते म्हणाले. "तुमच्या यजमानांच्या दुखण्याचं. पुन्हा सांगाल का? मी समोर बसतो."

बाईंनी विचार केला. खरोखरच केला, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "ते एकदाच सांगता आलं."

त्यांनी ते अगदी स्पष्ट, समोर बघून सांगितलं. मिस्त्रींना सगळं ऐकू आलं.

पंक्चरवाला दुकान आवरत होता. मिस्त्रींनी स्कूटर लावली आणि शटर वर सरकवलं. पंक्चरवाला मागून काहीतरी म्हणाला असावा, कारण खांद्यावर हात पडला.

"बहिरे झालात की काय? तीनदा विचारलं. म्हातारा उठला का?"

"उठला. आणि हो, झालोय."

"काय झालात?"

"बहिरा. पुरता नाही, पण झालोय. काही विचारायचं तर समोर येऊन विचारत जा."

पंक्चरवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. मग त्याच्या चेहऱ्यावर काळजी उतरली. "मग मी इतकी वर्षं तुमच्या मागून शिव्या घालत होतो, त्या?"

"त्या ऐकू आल्या. तुझा आवाज जाड आहे."

"आणि किल्ली?"

भाऊजी उठले तर दुकान चालू, एवढंच ठरलं होतं. कोणाच्या कानांनी उठवायचे, ते ठरलं नव्हतं. त्यांनी किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवली.

"मशीन दुसरीकडे ठेव."

पंक्चरवाला गेला. उद्या सकाळी दहापर्यंत सगळ्या बाजाराला कळणार होतं. मिस्त्रींनी दिवा लावला, टेबलाचा खालचा खण उघडला आणि लेकीनं पाठवलेल्या मीटरचं खोकं काढलं. चष्मा पुसून लावला. दुकानातली एक बॅटरी पुढे ओढली आणि मीटरच्या वायरी मुद्दाम उलट्या टेकवल्या, लाल मायनसला, काळी प्लसला.

पडद्यावर बारा पॉइंट सहा आलं. आकड्याच्या आधी उणेची एक आडवी रेघ होती. मिस्त्रींनी वायरी उचलल्या, पुन्हा टेकवल्या. रेघ पुन्हा आली. त्यांनी मीटर बंद करून उद्याच्या पिशवीत ठेवला.